ग्रेटेस्ट हिट्स निवडले कोणी, ते पण छापत जा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत रॉक म्युझिक नव्याने ऐकणाऱ्यांसाठी तुम्ही जो छोटा लेख छापलात, त्यात गन्स एन' रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा 2004 चा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा अल्बम "इथून सुरुवात करा" म्हणून सांगितलाय आणि पुढे असंही लिहिलंय की बँडने आपली बेस्ट 14 गाणी यात निवडून दिली आहेत. पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल, तो मी घालणारच आहे, पण दुसरं वाक्य सरळसरळ चूक आहे. बँडने काहीही निवडून दिलेलं नाही. बँडवाले उलट हा अल्बम बाहेर येऊ नये म्हणून कोर्टात गेले होते.

झालं असं होतं की बँडचा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम आला 1993 च्या नोव्हेंबरात, तो पण सगळा दुसऱ्यांच्या गाण्यांचा. मग 1996 मध्ये गिटार वाजवणारा स्लॅश बाहेर पडला, 1997 मध्ये बेस वाजवणारा डफ मॅकेगन, बँडचं नाव राहिलं गायक अ‍ॅक्सल रोझकडे आणि तो नवीन माणसं घेऊन 'चायनीज डेमोक्रसी' नावाचा अल्बम करत बसला, करतच बसला. न्यूयॉर्क टाइम्सने 2005 मध्ये त्यावर मोठा लेख केला होता, तोपर्यंत खर्च 1 कोटी 30 लाख डॉलरवर गेला होता आणि अल्बमचा पत्ता नव्हता. आला तो शेवटी 2008 ला. तर मधल्या काळात गेफेन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा धीर सुटला, त्यांनी म्हटलं नवीन माल येत नाही तर जुनाच परत विकूया, 14 गाणी काढली आणि मार्च 2004 मध्ये आणायचं ठरवलं. अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ तिघांनी केस टाकली की आम्हाला न विचारता गाणी निवडलीत, हे थांबवा. थांबलं नाही.

यात खरी मजा अशी की अ‍ॅक्सल आणि स्लॅशचं त्या वेळी तोंड बघायचंसुद्धा जमत नव्हतं. स्लॅश आणि डफ वेल्व्हेट रिव्हॉल्व्हर नावाचा वेगळा बँड काढून मोकळे झाले होते, त्यांचा पहिला अल्बम त्याच वर्षी जूनमध्ये आला. पण आपल्याकडे कसं, भावकीत वर्षानुवर्षं अबोला असतो, बांधावरून कोर्टकचेऱ्या चालू असतात, आणि कोणी तिसराच सातबाऱ्यावर नाव चढवायला आला की सगळे भाऊ एका रिक्षात बसून तलाठ्याकडे जातात. तसं झालं हे. फक्त तलाठ्याने ऐकलं नाही.

आणि अल्बम चालला हो, तुफान चालला. ब्रिटनमध्ये एक नंबर, अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात तीन नंबर, आणि तिथल्या बिलबोर्ड 200 या अल्बमच्या यादीत आजवर सगळे मिळून 500 हून जास्त आठवडे काढलेत त्याने. ना नवीन गाणं, ना बँडचा पाठिंबा, ना कोणी मुलाखती दिल्या. म्हणजे ज्या अल्बमला बँडनेच नको म्हटलं त्याच्यावरूनच पुढच्या सगळ्या पिढीची या बँडशी ओळख झाली, आणि आता तुम्ही पण तोच हातात देताय. द्या, पण आत काय आहे ते तरी सांगा.

14 पैकी 5 गाणी या बँडची नाहीतच. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' बॉब डिलनचं, 'लिव्ह अँड लेट डाय' पॉल मॅकार्टनी आणि विंग्जचं, 'सिंपथी फॉर द डेव्हिल' रोलिंग स्टोन्सचं 1968 चं, 'सिन्स आय डोन्ट हॅव यू' हे स्कायलाइनर्स नावाच्या ग्रुपचं 50 च्या दशकातलं, आणि 'एन्ट इट फन' डेड बॉइज या पंक बँडचं. एक तृतीयांशाहून जास्त माल बाहेरचा. चांगली वाजवलीत, नाही असं नाही, 'लिव्ह अँड लेट डाय' तर मला यांचंच जास्त आवडतं, मॅकार्टनीवाले मारतील मला. पण 'ग्रेटेस्ट हिट्स' असं नाव लावून दुसऱ्यांची पाच गाणी घालायची आणि स्वतःच्या पहिल्या अल्बममधली फक्त तीन घ्यायची हा कुठला हिशोब?

माझी भाची पार्ल्याला कॉलेजात आहे, तिने हाच अल्बम ऐकून सुरुवात केली. परवा मला म्हणते, "मामा, हा म्हातारा बघ, गन्सचं गाणं किती स्लो करून टाकलंय याने." मी बघितलं तर डिलन. म्हटलं अगं बाई, त्याचंच आहे ते, 1973 चं, एका वेस्टर्न सिनेमासाठी केलेलं. तर म्हणाली, "मग इथे लिहिलेलं का नाही?" मोबाईलवर खरंच कुठे दिसत नव्हतं, गाण्यावर बोट ठेवा, तीन ठिपके दाबा, मग क्रेडिट्समध्ये जा, इतका उपद्व्याप कोण करतो.

इथे मला आकाशवाणी आठवते. अस्मिता वाहिनीवर भावगीत लागलं की निवेदिका सगळं सांगणार, गायक कोण, गीतकार कोण, संगीतकार कोण. 'शुक्रतारा' म्हटलं की अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा, पण मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळे ही नावं पण कानावर पडायचीच, आम्हाला कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून पाठ झालं. मराठी घरातल्या माणसाचा कान असा तयार झालेला आहे. मग रॉकची वेळ आली की आपण एकदम "इंग्लिश गाणी" म्हणून सगळं एका पोत्यात का भरतो? निदान मराठी पेपराने तरी तसं करू नये असं मला वाटतं.

बाय द वे आमच्यातले काही रॉकवाले फिल्मी गाण्यांना नाकं मुरडतात, त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. 'नॉकिन' मुळात सिनेमाचं गाणं, आणि गन्सचं व्हर्जन पण आधी 1990 च्या 'डेज ऑफ थंडर' या टॉम क्रूझच्या सिनेमाच्या अल्बमवर आलं होतं, 'लिव्ह अँड लेट डाय' जेम्स बाँडच्या सिनेमाचं टायटल साँग, 'यू कुड बी माइन' टर्मिनेटरच्या दुसऱ्या भागात, आणि 'सिंपथी' 1994 च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' साठी केलेलं. 14 मध्ये 4 सिनेमाची. बसा आता.

असो. मुद्द्यावर येतो. या बँडचं खरं काम म्हणजे 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', जुलै 1987, 12 गाणी, 53-54 मिनिटं, एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही. अमेरिकेत कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमची एवढी विक्री आजवर झालेली नाही, आणि हे काही लगेच झालं नाही, नंबर वनवर जायला त्याला वर्ष लागलं. रेकॉर्डच्या दोन बाजूंना ए आणि बी असं न म्हणता जी आणि आर म्हटलं होतं, एक बाजू गन्सची आणि एक रोझेसची. गन्सच्या बाजूला लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचं जगणं, दारू, नशा, पैसे नसणं, आणि रोझेसच्या बाजूला बायका, प्रेम, भानगडी. म्हणजे विचार करून लावलेलं आहे ते. हिट्सवाल्यांनी त्यातून 'वेलकम टू द जंगल', 'पॅरडाइज सिटी' आणि 'स्वीट चाइल्ड ओ माइन' उचललं आणि बाकी टाकून दिलं. 'मिस्टर ब्राउनस्टोन' नाही, 'नाइटट्रेन' नाही, 'इट्स सो ईझी' नाही, 'रॉकेट क्वीन' नाही. बँड जेव्हा खरोखर भुकेला होता आणि थोडा घाणेरडा पण होता ते सगळं गाळलं आणि उरली काय तर गोड गाणी, शिट्टी वाजवून सुरू होणारं 'पेशन्स', 'डोन्ट क्राय', 'नोव्हेंबर रेन', 'यस्टरडेज'. लग्नात वाजवता येईल असा बँड करून टाकला त्यांचा.

'इस्ट्रेंज्ड' नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. नऊ मिनिटांच्या वरचं गाणं आहे, 'यूज युअर इल्यूजन' या अल्बमच्या दुसऱ्या भागातलं, सप्टेंबर 1991 चं, त्यात स्लॅशची गिटार जे काही बोलते ते ऐकल्यावर 'नोव्हेंबर रेन' चा सोलो सुद्धा मला थोडा दिखाऊ वाटायला लागला. लांब आहे म्हणून घेतलं नाही म्हणावं तर 'नोव्हेंबर रेन' पण नऊ मिनिटांचंच आहे की. पण त्याचा व्हिडिओ गाजलेला. 2018 मध्ये यूट्यूबवर 100 कोटी व्ह्यूज पार करणारा 90 च्या दशकातला तो पहिला व्हिडिओ ठरला. म्हणजे निवड कानाने केलेलीच नाही, टीव्हीवर काय लागलं होतं त्याची यादी काढली आणि छापली.

पण या अल्बममध्ये एक गोष्ट अशी झालीय की जी करायचा कोणाचा विचार नसणार. शेवटचं, 14 वं गाणं आहे 'सिंपथी फॉर द डेव्हिल'. हे त्या जुन्या लाइनअपचं जवळजवळ शेवटचं रेकॉर्डिंग. अ‍ॅक्सलने आपल्या ओळखीचा एक गिटारिस्ट आणून स्लॅशच्या गिटारवर त्याची गिटार चढवली आणि स्लॅशची सटकली. स्लॅशने नंतर आत्मचरित्रात अशा अर्थाचं लिहिलंय की बँड फुटतो तेव्हा कसा आवाज येतो हे ऐकायचं असेल तर हे गाणं ऐका. मी हे वाचलं आणि मग परत लावून ऐकलं, तर खरंच तो सोलो नीट ऐका, दोन माणसं एकाच दारातून एकदम आत शिरायला बघतायत असं वाटतं. कंपनीने साधारण वर्षाप्रमाणे गाणी लावली म्हणून ते शेवटी आलं बहुतेक. पहिल्या ट्रॅकला जंगलात स्वागत आणि शेवटच्याला घर मोडतंय, सगळी स्टोरी आपोआप सांगून झाली. बँडने स्वतः निवडली असती तर हे गाणं त्यांनी कधीच घेतलं नसतं, आणि खरं सांगू का, मग आपल्याला ते असं ऐकायलाही मिळालं नसतं. एवढं एक मी कंपनीच्या बाजूने देतो.

आता आमच्या वेळचं थोडं सांगतो, पाल्हाळ वाटलं तर कापा. केबल नवीन आली होती, स्टारवर एमटीव्ही दिसायचा, परळला आमच्या मजल्यावर एकाच घरात कलर टीव्ही आणि त्या काकूंना 'नोव्हेंबर रेन' मधलं लग्न फार आवडायचं, नवरी मरते हे मात्र त्यांना अजिबात पटायचं नाही. कॅसेट आणायची तर काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसला जायचं, तिथे घेण्यापेक्षा उभं राहून कव्हरच्या आतले कागद वाचणंच जास्त व्हायचं, कोणी हाकलत नव्हतं. 2016 मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा तुमच्या पेपरात बातमी आली होती, चांगली होती. आणि धोबी तलावचं रंगभवन, तिथे इंडिपेंडन्स रॉक या फेस्टिव्हलला आपली मुंबईची पोरं वाजवायची, पुढे सायलेन्स झोनच्या भानगडीत तिथले शो बंद पडले. त्या काळात हिट काय हे कुठली कंपनी ठरवत नव्हती, कॉलेजच्या फेस्टिव्हलला स्टेजवर जे वाजायचं ते हिट. 'स्वीट चाइल्ड' ची सुरुवातीची ओळ बरोबर वाजवणारा पोरगा म्हणजे कॉलेजचा हिरो, आणि दहातले नऊ जण ती चुकीची वाजवायचे. 'मिस्टर ब्राउनस्टोन' मी पहिल्यांदा ऐकलं ते अशाच एका बँडकडून, ओरिजिनल नंतर.

2012 च्या डिसेंबरमध्ये गन्स पहिल्यांदा मुंबईत आले, बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडला, तेव्हा स्लॅश नव्हता, डफ नव्हता, तरी गेलो. मग 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सला दोघंही होते. घाम, धूळ, बिअरच्या रांगा, ते सगळं जाऊ दे. मी जे बघितलं ते सांगतो. हिट्सच्या अल्बममधलं गाणं सुरू झालं की हजारो मोबाईल वर आणि सगळं ग्राउंड गातंय, आणि त्याच्या बाहेरचं काही सुरू झालं की तेच मोबाईल खाली, कोणी खायला गेलं, कोणी रील अपलोड करतंय. माझ्या शेजारचा एक पंचविशीतला पोरगा मला विचारतो, "अंकल, हे नवीन गाणं आहे का?" 1987 चं होतं. पोराची काही चूक नाही, त्याला दिलेल्या यादीत ते नव्हतंच. तिकिटाला एवढे पैसे टाकून तो आला होता आणि अर्धा शो त्याच्यासाठी परका होता, मला त्याचं वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, त्याच्यावर नाही, त्या 14 गाण्यांवर.

सगळेच हिट्सचे अल्बम टाकाऊ असतात असं मी म्हणत नाहीये. लेड झेपलिनचा 2007 चा 'मदरशिप' घ्या, बँडमधल्याच पेज, प्लँट आणि जोन्स या तिघांनी स्वतः 24 गाणी निवडली, तो ऐकताना कळतं की माणसांनी बसून विचार केलाय. (तरी त्यात आपल्या मुंबईचं काही नाही. 1972 मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले, आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली, ती अधिकृतपणे बाहेर आली थेट 2015 ला, बॉम्बे ऑर्केस्ट्रा या नावाने. जरूर ऐका, सारंगी तबला सगळं आहे. यावर एक लेख करा की कधीतरी.) उलट टोकाला एरोस्मिथचा 1980 चा 'ग्रेटेस्ट हिट्स', अमेरिकेत कोटीच्या वर खपला आणि त्यातली कित्येक गाणी कापून छोटी केलेली, रेडिओवर वाजवायची तशी. ज्याने तेवढंच ऐकलं त्याला पूर्ण गाणं माहीतच नाही. आणि ईगल्सचा तो जगप्रसिद्ध 'देअर ग्रेटेस्ट हिट्स', हार्ड रॉक नाही पण सांगतो, त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाहीच, कारण तो आला 1976 च्या फेब्रुवारीत आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात. आमच्या ऑफिसात एकाने याच्यावर चहाची पैज लावली होती आणि हरला, अजून चहा पाजलेला नाही.

एसी/डीसी मला यात सगळ्यात शहाणे वाटतात. इतकी वर्षं झाली, त्यांनी ग्रेटेस्ट हिट्स नावाचा अल्बम काढलाच नाही. 2012 पर्यंत आयट्यून्सवर सुद्धा आले नव्हते, म्हणणं एकच, आमचा अल्बम अख्खा घ्या, एक एक गाणं सुटं विकणार नाही. आता 2010 मध्ये 'आयर्न मॅन 2' या सिनेमाच्या नावाखाली त्यांच्या 15 जुन्या गाण्यांचा अल्बम आला तो हिट्सचाच होता हे सगळ्यांना दिसत होतं, पण नाव तरी नाही दिलं.

तर संपादक साहेब, गन्सचा तो अल्बम लोकांनी ऐकू नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः ईस्टर्न फ्रीवेवरून जाताना गाडीत लावतो, चेंबूरपासून पी डी'मेलो रोडपर्यंत चार पाच गाणी मस्त होतात, 'सिव्हिल वॉर' ला वडाळ्याची मिठागरं दिसायला लागतात. पण ज्याने यांचं काहीच ऐकलेलं नाही त्याला पेपराने "इथून सुरुवात करा" म्हणून हा देऊ नये. त्याला 'अ‍ॅपेटाइट' द्या. पूर्वी एक कॅसेट घ्यायची तर महिनाभर विचार करायला लागायचा म्हणून हिट्सचा एकच अल्बम परवडायचा, आता सगळे अल्बम त्याच मोबाईलवर त्याच पैशात आहेत, मग दुसऱ्याने चाळून दिलेलंच का ऐकायचं? तासाभराचा पण प्रश्न नाही, विरारहून चर्चगेटला स्लो लोकलने येताना पूर्ण अल्बम संपतो आणि वर वेळ उरतो.

आणि पुरवणीत पुढे असं काही छापाल तेव्हा अल्बमच्या नावाखाली दोन ओळी वाढवा. गाणी बँडने निवडली की कंपनीने, आणि त्यातली दुसऱ्यांची कुठली, मूळ कोणाची. एवढी जागा नक्की निघेल, नाहीतर रेसकोर्सला शो झाला की तुम्ही हाजी अलीच्या ट्रॅफिकवर अर्धं पान देताच. पुढच्या रविवारी एरोस्मिथ असेल तर तो 1980 चा अल्बम देण्याआधी गाण्यांची मिनिटं मूळ अल्बमशी ताडून बघा. आणि 'बँडने निवडून दिली' या वाक्याची दुरुस्ती मात्र याच आठवड्यात छापा, भाचीला मी सांगून ठेवलंय की येईल म्हणून.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई